तीन गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब: घोरणाऱ्या एका बसचालकाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५३, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. स्वतःची एक खासगी बस, डिचोली-म्हापसा मार्गावर. बहुतेक फेऱ्या स्वतःच मारतात. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो. रक्तदाब सात वर्षांपासून. गेली दोन वर्षं तीन औषधं चालू: टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅम, ॲम्लोडिपिन १०, क्लोरथॅलिडोन १२.५. तरीही माझ्या म्हापशाच्या दवाखान्यात पहिल्यांदा मोजला तेव्हा दाब १६८/१०२. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. लिहायला नवरा-बायको दोघांचीही हरकत नाही.)

ते आले होते मात्र दुसऱ्याच कारणाने. एप्रिलात एका पहाटे चारच्या सुमारास छातीत धडधड होऊन त्यांना जाग आली. नाडी लागत होती, पण तिला ठेका नव्हता. १०८ बोलावली, इस्पितळात ईसीजी काढला आणि त्यात एट्रिअल फिब्रिलेशन दिसलं, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. दुपारपर्यंत लय आपोआप जाग्यावर आली. हृदयाची गती आवरणारं मेटोप्रोलॉल सुरू करून त्यांना घरी सोडलं आणि मग दोघं जाडजूड फाईल घेऊन माझ्याकडे आली.

फाईलमध्ये सात वर्षांचं सगळं होतं: शुगर, कोलेस्टेरॉल, किडनी, डोळ्यांची तपासणी, प्रोस्टेटची सोनोग्राफीसुद्धा. झोपेबद्दल एक ओळ नव्हती. याचा दोष कुणाला द्यायचा म्हटलं तर अवघड आहे. ओपीडीत माणसामागे पाच मिनिटं मिळतात आणि रुग्ण स्वतःहून "मी घोरतो" असं सांगत नाही. सांगणार तरी कसा, त्या वेळी तो झोपलेला असतो.

आधी खोटा हट्ट वगळायचा

तीन औषधं पुरेशा मात्रेत, त्यातलं एक लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं, आणि तरी दाब उतरत नाही, अशा रक्तदाबाला औषधांना दाद न देणारा रक्तदाब म्हणतात. हा शिक्का मारण्याआधी दोन-चार साध्या गोष्टी बघाव्या लागतात, कारण निम्म्या वेळा गोम तिथेच असते.

पट्टा पहिला. यांच्या दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा अशा दंडाला लहान पडतो आणि आकडा फुगवून दाखवतो. मोठ्या पट्ट्याने १६२/९८ आला. म्हणजे थोडा फरक पडला, पण प्रश्न तसाच. गोळ्या चुकत नव्हत्या. त्या बायको सकाळच्या चहाबरोबर स्वतःच्या हाताने देते. मिठाचं मात्र विचारावं लागलं. एप्रिल-मे म्हणजे घरोघरी पुरुमेंताचे दिवस, पावसाळ्याची बेगमी: सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोलंबी, मिठाच्या पाण्यातली तोरं म्हणजे कैऱ्या. हे कमी करायला सांगितलं. पाठदुखीसाठी स्टँडजवळच्या फार्मसीतून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅकची गोळी आठवड्यातून तीन-चारदा चालायची, ती पूर्ण बंद केली. अशा वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठतं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जोर मोडतो. दोन आठवड्यांनी आकडा १५८/९६. थायरॉइड, किडनीच्या रक्तवाहिन्या, अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या रक्तदाबाशी संबंधित रसायनांचं प्रमाण, सगळं ठीक. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर जाड, डावा वरचा कप्पा मोठा झालेला, पंपाची ताकद ६० टक्के, म्हणजे चांगली.

जाड भिंत सांगते की दाब बरीच वर्षं खरोखरच चढा आहे. मोठा झालेला वरचा कप्पा सांगतो की कुणीतरी तो सारखा ताणतंय.

बायकोची साक्ष

झोप कशी लागते, असं मी त्यांना विचारलं तेव्हा उत्तर आलं, "झोपेचं काही नाही डॉक्टर. पाठ टेकली की डोळा लागतो." हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. पाठ टेकताच झोप लागणं हे अनेकदा चांगल्या झोपेचं लक्षण नसतं, अपुऱ्या झोपेचं असतं.

वहिनींना विचारलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "घोरण्याचं काय घेऊन बसलात, त्याची सवय झाली मला. मध्येच गप्प होतात ना, त्याची भीती वाटते. मग मी पाठीत धपका घालते."

मी त्यांना एका रात्री मोबाइलवर पाच-सात मिनिटांचं चित्रण करून आणायला सांगितलं. हे मी बहुतेकांना सांगतो. फुकटचं आहे आणि अनेकदा मोठ्या चाचणीइतकंच बोलकं. चित्रण अंधुक होतं, पंख्याचा आवाज मोठा. पाच-सहा घोर, प्रत्येक आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीतला. मग एकदम शांतता. पण पोट हलतंय. पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते, छाती वर येते तेव्हा पोट खाली, म्हणजे श्वास ओढायची धडपड चालू आहे आणि हवा मात्र आत जात नाही. पडद्यावरच्या घड्याळात ४१ सेकंद गेले. मग डावा पाय झटकला, एक घुसमटलेला हुंकार, मान वळली, आणि पुन्हा पहिला घोर. डोळे उघडलेच नाहीत. सकाळी यातलं त्यांना काहीही आठवत नाही.

श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. घशाचा मार्ग बंद झाल्याने तो थांबत असेल तर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया.

दिवसाच्या झोपेचा हिशोब गोव्यात जरा वेगळा करावा लागतो. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली एपवर्थ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. आठ प्रसंग दिलेले असतात आणि प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती याला ० ते ३ गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर झोप जास्त. त्यातला एक प्रसंग म्हणजे दुपारी आडवं पडल्यावर, दुसरा जेवणानंतर शांत बसल्यावर. जिथे दुपारी एक ते चार अर्धी दुकानं बंद असतात आणि शीत-कडी जेवून वामकुक्षी घेणं हा शिष्टाचार आहे, तिथे हे दोन प्रश्न सगळ्यांनाच पैकीच्या पैकी गुण देऊन टाकतात. शिवाय याच वामकुक्षीमुळे खरा आजार वर्षानुवर्षं झाकून राहतो: दुपारी दोन तास ढाराढूर झोपणारा माणूस इथे कुणाला आजारी वाटत नाही.

म्हणून मी "रहदारीत गाडी काही मिनिटं थांबली तर" या प्रश्नावर थांबतो. यावर त्यांनी शून्य सांगितला. चालक हा प्रश्न कधीच खरा सांगत नाहीत, लायसन्सची धास्ती असते. पुढच्या खेपेला त्यांचा कंडक्टर सोबत आला होता. त्याने बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या सांगितलं की बस नंबराला लागली की पात्रांव, म्हणजे मालक, स्टिअरिंगवर डोकं ठेवतात, आणि सिग्नलला कधीकधी त्याला शिट्टी दोनदा वाजवावी लागते.

बाकीची लक्षणं मग आपोआप जुळत गेली. सकाळी उठल्यावर जड डोकं, तोंडाला कोरड, आणि रात्री तीन वेळा लघवीला उठणं. या शेवटच्या तक्रारीपायी शुगर आणि प्रोस्टेट दोन्ही तपासून झाले होते. मानेचा घेर ४३ सेंटिमीटर. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची चाळणी आहे: घोरणं, थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, पन्नाशीपुढचं वय, ४० सेंटिमीटरच्या वरची मान, पुरुष असणं. पाच किंवा जास्त आले तर धोका मोठा. यांना आठापैकी सात. वजनाचा एक गुण मिळाला नाही, कारण तिथली मर्यादा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ ची आहे आणि यांचा ३३. आपल्याकडच्या लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे हा आजार कमी वजनावरही दिसतो, तेव्हा त्या एका शून्याला मी फारसं महत्त्व देत नाही.

रात्रीचा हिशोब

दोन चाचण्या केल्या. एक, चोवीस तास दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा. निरोगी माणसाचा दाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. यांचा दिवसाचा सरासरी १५४/९४ आणि रात्रीचा १५८/९६. उतरायच्या ऐवजी चढला होता. जागेपणीचा जो आकडा आपण धरतो तोच या माणसाच्या चोवीस तासांतला चांगला आकडा होता, असं म्हणायची वेळ आली.

दुसरी, घरी करायची झोपेची चाचणी. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. ती दोन रात्री केली, कारण मे महिना होता आणि हुर्राकाचा हंगाम. काजूच्या रसाच्या पहिल्या वाफेतून निघणारा हा हुर्राक मार्च ते मे एवढाच मिळतो. लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून संध्याकाळी दोन ग्लास घेतल्याशिवाय डिचोली-सत्तरीकडच्या अनेक पुरुषांना उन्हाळा आल्यासारखा वाटत नाही. पहिली रात्र नेहमीप्रमाणे, दोन ग्लासांनंतर. दुसरी रात्र कोरडी. कोरड्या रात्री तासाला सरासरी ४६ वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. हुर्राकाच्या रात्री ५८ वेळा. तासाला ५ पर्यंत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी विभागणी आहे. ऑक्सिजनचा नीचांक ७१ टक्के. सर्वांत लांब थांबा ५८ सेकंदांचा.

दारूने हे वाढतं त्याचं कारण सरळ आहे. जीभ पुढे धरून ठेवणारा स्नायू झोपेत मुळातच सैल पडतो, दारूने तो आणखी सैल पडतो, आणि मेंदूची "उठ, श्वास घे" ही हाक उशिरा येते.

आता याचा हृदयाशी संबंध काय. दुधाची रिकामी पिशवी तोंडाला लावून हवा ओढली की तिच्या बाजू एकमेकींना चिकटतात. झोपेत सैलावलेल्या घशाचं तेच होतं. वर मार्ग बंद आणि खाली छाती जोर लावून ओढते आहे, त्यामुळे छातीच्या पोकळीत मोठा ऋण दाब तयार होतो. त्या ओढीने हृदयाच्या पातळ भिंतींचे वरचे कप्पे ताणले जातात, रात्रीतून शेकडो वेळा. यांचा डावा वरचा कप्पा मोठा होण्यात आणि पहाटे चारला लय बिघडण्यात या ताणाचा हात असणार, असं मानायला जागा आहे. ताणलेला कप्पा एक संप्रेरक सोडतो, ते किडनीला सांगतं की पाणी जास्त झालंय, बाहेर काढ. रात्री तीनदा लघवीला उठण्याचं मूळ प्रोस्टेटमध्ये नव्हतं, ते इथे होतं.

दुसरीकडे ऑक्सिजन घसरतो, मानेतले तो मोजणारे संवेदक मेंदूला इशारा देतात आणि शरीराची "पळा किंवा लढा" यंत्रणा पूर्ण ताकदीने चालू होते. रक्तवाहिन्या आवळतात. श्वास सुटतो त्या क्षणी दाब उसळी मारतो. आणि हा चाप सकाळी सुटत नाही. १९९५ साली अमेरिकेत आयोवाच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या पायातल्या मज्जातंतूंचे संदेश सुई घालून प्रत्यक्ष नोंदले. दिवसा, जागेपणी, श्वास व्यवस्थित चालू असतानाही ते संदेश निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त होते. तीन गोळ्या एका बाजूने ओढत होत्या आणि रात्रभर तापलेली ही यंत्रणा दुसऱ्या बाजूने.

यांच्या बाबतीत तिसरी एक वाट होती, आणि मला ती सगळ्यात रंजक वाटते. माणूस दिवसाचे नऊ-दहा तास बसून असतो, ड्रायव्हरच्या सीटवर. पायांत पाणी उतरतं. त्यात ॲम्लोडिपिनच्या १० मिलिग्रॅमच्या मात्रेने घोटे सुजतात ते वेगळंच. यांचे मोजे काढल्यावर इलॅस्टिकचा खोल वण दिसायचा. रात्री आडवं पडलं की ते पाणी पायांतून वर सरकतं, त्यातलं काही मानेपर्यंत पोचतं आणि घशाचा मार्ग आणखी अरुंद होतो. टोरांटोच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की रात्रीतून पायांतून जितकं जास्त पाणी हलतं तितका ॲप्निया जास्त, आणि ते पाणी माणूस दिवसभरात किती वेळ बसतो त्यावर अवलंबून असतं. म्हणजे बस चालवणं, रक्तदाबाची गोळी आणि रात्रीचं घोरणं ही एकाच दोरीची तीन टोकं होती.

साधं घोरणं, म्हणजे श्वास न थांबता नुसता आवाज, हे हृदयाला किती धोक्याचं? इथे माझं मत सौम्य आहे. स्पेनमध्ये दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या पुरुषांचा अभ्यास २००५ साली लॅन्सेटमध्ये आला. त्यात उपचार न घेतलेल्या तीव्र ॲप्नियाच्या रुग्णांत हृदयविकार आणि पक्षाघात स्पष्टपणे जास्त होते. नुसतं घोरणाऱ्यांत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. घोरण्याच्या कंपनांनी मानेतल्या कॅरोटिड धमनीला इजा होते का, यावर सिडनीत काम झालं आहे आणि मोठ्याने घोरणाऱ्यांत त्या धमनीत जास्त थर आढळले आहेत, पण तो वाद मिटलेला नाही. लक्ष आवाजापेक्षा शांततेकडे द्यावं. वहिनींना ते माझ्याआधी कळलं होतं.

उपचार, आणि त्यातल्या अडचणी

पहिला निर्णय गोळीचा नव्हता. गाडी काही आठवडे दुसऱ्याने चालवायची. यावर घरात बरंच वाजलं. उत्पन्नाचा प्रश्न होता. शेवटी भाचा स्टिअरिंगवर बसला आणि मामा तिकिटांचा हिशोब बघू लागले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत जास्त जीव वाचवणारा निर्णय हाच, आणि तो निव्वळ त्यांच्या एकट्याच्या जिवाबद्दल नव्हता.

चौथं औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम सुरू केलं, पोटॅशियमवर नजर ठेवून. औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात चौथी गोळी म्हणून हीच सरस ठरते, हे २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीने पक्कं केलं, आणि पाणी साठणं कमी होत असल्याने घशालाही तिचा फायदा व्हावा अशी अपेक्षा. ॲम्लोडिपिन निम्मं केलं. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही यावर विचार करावा लागला, कारण पक्षाघाताच्या धोक्याच्या मोजणीत त्यांना एकच गुण होता. हृदयरोगतज्ज्ञांनी ती द्यावी असं ठरवलं.

मग सीपॅप. नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं हे यंत्र. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवर त्याचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्याआधी तीव्र आजारावर श्वासनळीला भोक पाडण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. आज दाब आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र चाळीस-पन्नास हजारांच्या घरात मिळतं. यंत्र विकत घेणं सोपं; ते लावून झोपणं अवघड, आणि या भागाबद्दल कुणी नीट सांगत नाही.

यांची मिशी जाड. नाकावर बसणारा मास्क मिशीच्या कडेने हवा सोडायचा, फुस्स-फुस्स आवाज यायचा आणि वहिनींची झोप मोडायची, म्हणजे घोरणं बरं म्हणायची पाळी. मिशी काढायला ते तयार नव्हते आणि मीही आग्रह धरला नाही. नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांसारखा मास्क बदलून घेतला. नाक चोंदायचं, त्यासाठी स्टिरॉइडचा फवारा. तोंड उघडं पडायचं, म्हणून हनुवटीला पट्टा.

मग जूनमध्ये पाऊस लागला आणि वीज जायला लागली. फांदी तारेवर पडली की रात्री दोनला अंधार, यंत्र बंद, माणूस घाबरून मास्क ओरबाडून काढतो. घरी इन्व्हर्टर होता, पण त्यावर यंत्र रात्रभर टिकेना. यात सर्वांत जास्त वीज खाते ती हवा दमट करणारी गरम पाण्याची टाकी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा मुळातच ओलीचिंब. टाकी बंद करायला सांगितली आणि तीच बॅटरी सकाळपर्यंत पुरू लागली. नळी मात्र रोज सकाळी धुऊन पंख्याखाली लोंबत ठेवायची, नाहीतर जुलैपर्यंत आत बुरशी.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं विस्कटलं. मूळ घरी चार भावांची बिऱ्हाडं जमलेली, रात्री सगळे पुरुष सोप्यावर ओळीने झोपलेले. त्यात नाकाला नळी लावून कोण झोपणार? "पुतणे हसतील" म्हणाले आणि यंत्र डिचोलीच्या घरीच ठेवून गेले. त्या आठवड्यात एका रात्री पुन्हा तासभर धडधड झाली. मास्क नसल्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. चवथीत जागरण, गोड, तळलेलं, आरत्या आणि मित्रांबरोबरची फेणी हे सगळं एकत्र होतं. पण परत आल्यावर ते स्वतःच म्हणाले की पुढच्या वर्षी यंत्र घेऊन जाईन, हसू देत.

त्याच सुमारास त्यांनी मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला: शंख फुंकल्याने घोरणं बरं होतं. मला तो खोटाच वाटावा असा होता, पण त्याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम तीव्रतेच्या ३० रुग्णांवर तो केला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला किमान पंधरा मिनिटं शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि श्वास थांबण्याचं प्रमाण तासाला चार-पाचने घटलं. घशाच्या स्नायूंचा व्यायाम होतो, त्यामुळे हे अशक्य नाही. पण अभ्यास छोटा, आणि ४६ मधून पाच गेले तर ४१ उरतात. शंख फुंका म्हटलं, मास्क लावून झोपाही.

यंत्राने काय केलं, काय केलं नाही

इथे मला जरा खोलात जायचं आहे, कारण यंत्र लावलं की हार्ट अटॅक टळतो असं सर्रास सांगितलं जातं.

२०१६ साली सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सात देशांत, त्यांत भारतही होता, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले अडीच हजारांहून अधिक रुग्ण. निम्म्यांना सीपॅप, निम्म्यांना नाही. काही वर्षांनी दोन्ही गटांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू जवळपास सारखे. यंत्र गटात झोप, मनःस्थिती आणि कामावरची हजेरी सुधारली. हृदयाच्या घटना नाहीत. त्यावर आक्षेप असा की रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं. २०२३ साली अशा तीन चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र तपासली तेव्हा रोज चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत घटना कमी दिसल्या. पण रोज न चुकता मास्क लावणारा माणूस बहुधा गोळ्याही न चुकता घेतो, फिरायलाही जातो. श्रेय मास्कचं किती आणि माणसाचं किती, हे त्या आकड्यांतून पूर्ण सुटत नाही. रक्तदाबावरचा सीपॅपचा परिणामही सरासरी दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. हट्टी रक्तदाबात थोडा जास्त.

म्हणून त्यांच्या घटलेल्या रक्तदाबाचं श्रेय वाटायचं झालं तर मी मोठा वाटा स्पायरोनोलॅक्टोनला आणि सुटलेल्या वेदनाशामकाला देईन, मग वजनाला, मग यंत्राला. डिसेंबरात वजन ८८ वर आलं होतं. विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात १० टक्के वजन वाढलं की श्वास थांबण्याचं प्रमाण साधारण ३२ टक्क्यांनी वाढतं आणि १० टक्के घटलं की २६ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं होतं. सहा किलो हा या हिशोबात लहान आकडा नाही. यंत्राने त्यांना दिवस परत दिला. एपवर्थची बेरीज १७ वरून ६ वर आली. सकाळचं जड डोकं गेलं. रात्री एकदाच उठतात. सप्टेंबरअखेर ते पुन्हा स्टिअरिंगवर बसले, तेही यंत्रातल्या नोंदी बघून मी होकार दिल्यावर.

डिसेंबरातला चोवीस तासांचा पट्टा असा: दिवस १३४/८२, रात्र १२६/७६. रात्रीचा आकडा आता दिवसाच्या खाली आहे, पण उतार सहा टक्क्यांचा, दहाचा नाही. आठवडाभराच्या ईसीजी नोंदीत लय बिघडलेली नाही.

सहाच टक्के का, याचं उत्तर यंत्रातल्या नोंदींच्या कार्डात सापडलं. मास्क लावलेल्या तासांत श्वास थांबण्याचं प्रमाण तासाला चारच्या आत. पण मास्क रोज साडेतीनच्या आसपास निघतो. ते एकदा लघवीला उठतात आणि परत आल्यावर लावत नाहीत. पहिली फेरी साडेसहाची, "आता काय दोन तासच तर राहिले" असं म्हणून तसेच आडवे होतात. नेमकं याच वेळी स्वप्नांची झोप जास्त असते, तेव्हा अंगातले स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात आणि ॲप्निया सर्वांत लांब व खोल असतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००५ साली अचानक हृदय बंद पडून दगावलेल्यांच्या झोपेच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ॲप्निया असलेल्यांत मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात मृत्यू जास्त आढळले. बाकी लोकांत त्या वेळात ते सर्वांत कमी असतात. एप्रिलातली धडधडही पहाटे चारचीच होती.

तेव्हा सध्या सगळा जोर या अडीच तासांवर आहे. मास्क न काढता नळीच यंत्रापासून सोडवून उठायचं आणि आल्यावर परत जोडायची, हे वहिनींना शिकवलं आहे, त्यांना नाही. रात्रीचं पाणी सातनंतर कमी. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास चालणं आणि मग पाय वर करून बसणं, म्हणजे पायांतलं पाणी झोपण्याआधीच ओसरेल. चार गोळ्यांतली एखादी कमी करता येईल का, हे फेब्रुवारीतल्या पट्ट्यानंतर ठरवू. मार्चमध्ये हुर्राक येईल. किती चालेल, असं त्यांनी आत्ताच विचारून ठेवलं आहे. मी एक ग्लास म्हटलं, तोही झोपण्याआधी चार तास. त्यांना ते फार पटलेलं दिसलं नाही.